सायलेंट व्हॅलीला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून निघा

केरळ म्हटलं की आपल्याकडची माणसं मुन्नार, ठेकडी, अलेप्पी असं पॅकेज मारून येतात आणि पालक्काड जिल्ह्यातलं हे खोरं राहूनच जातं. गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तीन-चार जणांनी विचारलं की सायलेंट व्हॅलीला कसं जायचं, कधी जायचं, तिथे बघायला काय आहे, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढावं. मी दोनदा जाऊन आलोय, एकदा चुकीच्या तयारीने आणि एकदा बऱ्यापैकी नीट, त्यामुळे काय करू नये हेही सांगता येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ही सफारी नाही. ताडोब्यासारखं जिप्सीत बसायचं आणि वाघाचा कॉल आला की सुसाट निघायचं असलं काही इथे होत नाही. वाघ आहे, बिबट्या आहे, हत्ती तर भरपूर आहेत, पण हे दाट सदाहरित जंगल आहे, दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. इथे बघायचं ते जंगलच, म्हणजे झाडं, त्यांच्या शेंड्यावर चाललेला संसार, खालून वाहणारी नदी, आणि हे सगळं आज आपल्यासमोर शिल्लक कसं राहिलं ती हकीकत. घरच्या मंडळींना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर परतताना सगळा वेळ "काहीच दिसलं नाही" ऐकावं लागतं.

कधी जायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी, डोळे झाकून. जून ते सप्टेंबर इथला पाऊस म्हणजे आपल्या आंबोलीच्या पावसाची आठवण यावी असा, घाटात दरड येते, रस्ता बंद होतो, आणि जळवा तर विचारूच नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस दुपारनंतर गाठतो. मार्च-एप्रिलमध्ये जाता येतं, पण उन्हाळा कडक असला तर वणव्याच्या धोक्यामुळे वनखातं प्रवेश बंद ठेवतं, म्हणून तिकिटं काढण्याआधी फोन करून खात्री करायचीच. नाताळची सुट्टी आणि शनिवार-रविवार शक्यतो टाळा, मंगळवार-बुधवार असा मधला वार धरला तर उत्तम.

पोचायचं कसं

तुमचं ठिकाण आहे मुक्काली. हे गाव म्हणजेच पार्कचं दार. पुण्या-मुंबईहून येणाऱ्याला कोइम्बतूर सोयीचं पडतं, रेल्वेने या नाहीतर विमानाने, आणि तिथून आनकट्टी-अगळीमार्गे रस्त्याने मुक्काली. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी शोरनूरला उतरावं आणि रस्त्याने मन्नारकाड गाठावं. पालक्काडहूनही मन्नारकाडला केएसआरटीसीच्या, म्हणजे केरळच्या एसटीच्या, बस भरपूर आहेत. मन्नारकाड ते मुक्काली साधारण २० किलोमीटर, अगळी-आनकट्टीकडे जाणारी कुठलीही बस मुक्कालीवरून जाते. हा घाट छान आहे, वळणावळणाचा, उजव्या-डाव्या बाजूला कडे आणि झरे, पण ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्या.

जमलं तर एका रस्त्याने जा आणि दुसऱ्याने परत या. आनकट्टीकडून येताना अट्टपाडीचा पूर्वेकडचा भाग लागतो, तो पर्जन्यछायेतला, कोरडा, काटेरी झुडपांचा, आपल्या माणदेशात असल्यासारखं वाटतं. आणि मग काही किलोमीटरांतच हिरवं गडद व्हायला लागतं. एकाच डोंगराच्या दोन अंगांना पाऊस किती वेगळा पडतो हे गाडीच्या काचेतून दिसतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

आदल्या दिवशीच मुक्कालीला किंवा मन्नारकाडला मुक्काम करा. हे मी जोर देऊन सांगतोय कारण पहिल्या वेळी मी पालक्काडहून सकाळी आरामात निघालो आणि मुक्कालीला पोचलो तोवर अकरा वाजून गेले होते, त्या दिवशीच्या सगळ्या जीप गेलेल्या, आणि सगळा दिवस चहाच्या टपरीवर बसून काढला. रोज आत जाणाऱ्या गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि ती वाढवून मिळत नाही, हुज्जत घालू नका, हा नियम आहे म्हणून तर आतलं जंगल तसं राहिलंय.

बुकिंग आणि जीप

मुक्कालीला वनखात्याचं ऑफिस आहे, तिथेच परवानगी, तिकीट, कॅमेऱ्याची फी, गाईड सगळं होतं. फोन करून आधी नाव नोंदवा आणि सकाळी आठच्या आत तिथे हजर राहा, ओळखपत्र सोबत हवं. स्वतःची गाडी मुक्कालीच्या पुढे नेता येत नाही, कितीही भारी फोर बाय फोर असली तरी. जीपचं भाडं गाडीवर असतं, म्हणून एकटे-दुकटे असाल तर तिथेच लाईनीत कोणी जोडीदार मिळतात का बघा, बहुतेक मिळतातच.

गाईड आणि ड्रायव्हर बरेचसे इथलेच, अट्टपाडीतल्या इरुळा, मुडुगा, कुरुंबा या आदिवासी समाजांपैकी. या माणसांना जंगल तोंडपाठ आहे. इंग्रजी जेमतेम असतं, पण "चेट्टा" म्हणून हाक मारा, म्हणजे दादा, आणि "पतुक्के" हा एक शब्द लक्षात ठेवा, म्हणजे हळू. गाडी हळू घ्या सांगायलाही चालतो आणि आपल्याच ग्रुपमधल्या मोठ्याने बोलणाऱ्याला गप्प करायलाही.

सोबत काय घ्यायचं

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, मातकट किंवा हिरव्या रंगाचे. पांढरं आणि लालभडक नको. बूट घट्ट बांधता येतील असे. पाण्याची बाटली भरून, ती रिकामी झाली तरी परत आणायची. आत खायला काही मिळत नाही, बिस्किटाचा पुडा फोडला तर त्याचा कागद खिशात. दुर्बीण असेल तर आणाच, ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण इथे मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाला येते कारण सगळं काही वर शेंड्यावर असतं. रेंज जवळपास नसतेच, घरी आधी कळवून ठेवा.

आता जळवा. मल्याळममध्ये अट्टा. हा विषय नवीन माणसाला फार घाबरवतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. कोरड्या दिवसांत त्या कमी असतात पण ओलसर पायवाटेवर असतातच. पाचोळ्यावर दोऱ्याएवढी बारीक जळू मागच्या टोकावर उभी राहते आणि हवेत डोलत असते, तुमच्या पायाची ऊब आणि हादरा तिला कळतो, बुटावर चढली की टाचेकडून वर वर येत मोज्याची वीण शोधते. लीच सॉक्स म्हणून गुडघ्यापर्यंतचे जाड सुती मोजे मिळतात, ते पँटवरून चढवा. नसतील तर मोज्यांवर मीठ किंवा तंबाखूची पूड चोळतात. चिकटलीच तर खेचू नका, नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा नाहीतर चिमूटभर मीठ टाका, आपोआप सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं कारण ती रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते, दुखत मात्र नाही. स्वच्छ धुवून पट्टी लावा आणि पुढे चला. सिगरेटने चटका देण्याचा प्रकार जंगलात अजिबात नको, आगपेटी-लायटर आत न्यायचाच नाही.

मुक्काली ते सैरंध्री

निघण्याआधी मुक्कालीतच पुट्टू-कडला (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि काळ्या चण्याची आमटी), चहा, आणि टॉयलेट उरकून घ्या. मग सैरंध्रीपर्यंत, म्हणजे आत जीप जिथे थांबते तिथपर्यंत, २३ किलोमीटरचा कच्चा-पक्का रस्ता. जाऊन-येऊन पाच तास धरा. सुरुवातीला थोडी वस्ती, लागवडीचे पट्टे, आणि मग एका वळणानंतर उजेडच बदलतो. एकावर एक तीन-चार थरांत झाडं, खोडांना शेवाळ, फांद्यांवर ऑर्किड आणि नेचे, झाडाच्या बुंध्याला आधाराला भिंतीसारखी पसरलेली मुळं. गाडी थांबवायला सांगा आणि इंजिन बंद करून दोन मिनिटं नुसते बसा. इंग्रजांनी सायलेंट हे नाव दिलं ते इथे रातकिडे ओरडत नाहीत म्हणून, असं सांगितलं जातं. मला तर दोन्ही वेळा किड्यांची किरकिर ऐकू आली. दुसरं म्हणणं असं की इथल्या सिंहशेपटी माकडाचं शास्त्रीय नाव मकाका सायलेनस, त्यावरून ते आलं. स्थानिक नाव मात्र सैरंध्रीवन. विराटाच्या घरी द्रौपदीने घेतलेलं नाव सैरंध्री, आणि खालच्या नदीचं नाव कुंतीपुळा, पुळा म्हणजे नदी. सैरंध्रीचं इंग्रजांच्या तोंडी सायलेंट झालं असंही म्हणतात, मला तेच जास्त पटतं.

वाटेत काय दिसू शकतं? काळं नीलगिरी लंगूर बऱ्यापैकी हमखास. शेकरू, आपला राज्यप्राणी शेकरूच, फक्त दक्षिणेकडच्यांचा रंग आपल्या भीमाशंकरच्यापेक्षा जास्त काळपट. धनेश उडाला तर पंखांचा असा आवाज येतो की वरून वाफेचं इंजिन चाललंय. हत्ती समोर आला तर खाली उतरायचं नाही, फोटोसाठी उभं राहायचं नाही, ड्रायव्हर सांगेल ते.

आणि सिंहशेपटी माकड, मल्याळममध्ये सिंहवालन. हे फक्त पश्चिम घाटात सापडतं, जगात दुसरीकडे कुठेच नाही. काळं कुळकुळीत अंग, तोंडाभोवती राखाडी-रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. ते जमिनीवर फार कमी उतरतं, त्याला झाडांचे शेंडे एकमेकांना लागलेले हवेत, मधे रुंद रस्ता आला, पाणी आलं, की त्याच्या कळपाचं घर तुटलं. दुसऱ्या खेपेला आमच्या गाईडने अचानक हात वर केला आणि कान दाखवला. टप, टप, टप असं काहीतरी पाचोळ्यावर पडत होतं. खाली बघितलं तर काटेरी सालपटं, छोट्या फणसाची वाटावीत अशी. वर बघितलं तर पंचवीस-तीस मीटर उंचावर एक मादी, पोटाला पिल्लू, दोन्ही हातांनी फळ धरून दाताने सालपट सोलत होती आणि बी तेवढी खाऊन बाकी खाली सोडत होती. त्या झाडाला तिथे वेडिप्लावु म्हणतात, प्लावु म्हणजे फणसाचं झाड, शास्त्रीय नाव क्युलेनिया, आणि नातं ड्युरियनशी. या माकडाचं बरंच खाणं याच झाडाच्या फुलांवर आणि बियांवर चालतं. म्हणून माकड शोधायचं असेल तर वर बघू नका, आधी खाली बघा, ताजी सालपटं दिसली की मग मान वर करा.

टॉवरवर गेल्यावर काय बघायचं

सैरंध्रीला जीप थांबते. तिथे माहिती केंद्र आहे आणि सुमारे ३० मीटर उंचीचा लोखंडी टॉवर. बहुतेक लोक वर जातात, सेल्फी काढतात आणि उतरतात. तुम्ही तसं करू नका. वर गेल्यावर गाईडला विचारा की धरण कुठे होणार होतं. तो बोट दाखवेल, आणि मग ते खोरं वेगळंच दिसायला लागतं.

नीट बघा, खोऱ्याला सगळीकडून उंच कडे आहेत, नीलगिरीची भिंत, सगळ्यात उंच अंगिंडा शिखर २३८३ मीटर. मधे कुंतीपुळा उत्तरेकडून दक्षिणेकडे येते आणि एका अरुंद खिंडीतून खाली मैदानात पडते. या कड्यांमुळेच आत शतकानुशतकं माणसाची वस्ती झाली नाही आणि जंगल जुनं राहिलं. आणि नेमक्या याच आकारामुळे इंजिनियरच्या नजरेत ही जागा भरली, कारण खिंड अरुंद, भिंत छोटी लागणार, मागे पाणी साठायला आयतं भांडं आणि पुढे वीज करायला मोठा उतार. १८४७ मध्ये रॉबर्ट वाइट हा वनस्पतिशास्त्रज्ञ इथे आला होता, १९१४ मध्ये राखीव जंगल झालं, आणि १९२८ मध्येच सैरंध्रीची जागा वीजनिर्मितीसाठी हेरून ठेवली गेली होती.

१९७० च्या दशकात केरळच्या वीज मंडळाने प्रकल्प पुढे रेटला. १९७३ मध्ये नियोजन आयोगाची मान्यता. सुरुवातीला १२० मेगावॅट वीज, आणि पाण्याखाली जाणार ८३० हेक्टर जंगल. ज्याने कोयनेचा शिवसागर बघितलाय त्याला खोरं पाण्याखाली जाणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आणि विजेची गरज खोटी नव्हती, उत्तर केरळ तेव्हा मागे होता, तिथल्या लोकांना कारखाने हवे होते, पाणी हवं होतं, हेही लक्षात ठेवूनच ही गोष्ट ऐकावी असं मला वाटतं. म्हणून तर "माकड मोठं की माणूस" असा वाद तेव्हा रंगला.

विरोध कोणी केला हे खरं ऐकण्यासारखं. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी अगदी सुरुवातीला या खोऱ्याकडे लक्ष वेधलं. मुंबईच्या निसर्गअभ्यासक झफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखालच्या केंद्राच्या अभ्यासगटाने १९७६ मध्ये प्रकल्प सोडून द्या असं सांगितलं, पण सोडणं शक्यच नसेल तर अमुक अमुक काळजी घ्या अशी पुस्तीही जोडली, आणि सरकारने काळजीचीच वाट धरली. मग उतरली केरळ शास्त्र साहित्य परिषद. शिक्षक, प्राध्यापक, गावोगाव विज्ञान सांगणारी माणसं. प्रा. एम. के. प्रसाद यांनी लेख लिहिले, सभा घेतल्या, आणि परिषदेने १९७९ मध्ये प्रकल्पाचा स्वतःचा हिशोब मांडला, वीज किती, खर्च किती, दुसरा मार्ग कोणता, भावनेवर नाही तर आकड्यांवर. कवयित्री सुगतकुमारी आपली झाडावरची कविता घेऊन उभ्या राहिल्या, सभांची सुरुवात तिनेच होऊ लागली. आपल्या मुंबईचे पक्षितज्ज्ञ सलीम अली स्वतः खोरं बघून आले आणि प्रकल्प रद्द करा म्हणाले. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामीनाथन यांनी आजूबाजूची जंगलं मिळून ३८९.५२ चौरस किलोमीटरचं मोठं राखीव क्षेत्र करा असं सुचवलं.

विरोधक सगळं जिंकतच गेले असं नाही. जानेवारी १९८० मध्ये केरळ हायकोर्टाने प्रकल्पाविरुद्धची याचिका फेटाळली. इंदिरा गांधी त्याच महिन्यात सत्तेवर परत आल्या आणि त्यांनी राज्याला काम थांबवायला सांगितलं. मग भौतिकशास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन यांची समिती बसली, तिच्यात पुण्याचे परिसरतज्ज्ञ माधव गाडगीळ होते. समितीच्या अहवालानंतर नोव्हेंबर १९८३ मध्ये प्रकल्प बंद झाला. १५ नोव्हेंबर १९८४ ला नॅशनल पार्क जाहीर, ८९.५२ चौरस किलोमीटर, आणि ७ सप्टेंबर १९८५ ला राजीव गांधींनी इथे येऊन उद्घाटन केलं. आधी १९८० मध्येही पार्क जाहीर केला होता, पण त्यात प्रकल्पाची जागाच वगळलेली होती, म्हणजे देऊळ ठेवून गाभारा काढल्यासारखं. पुढे २००१ मध्ये खाली पात्रक्कडवूला दुसरा प्रकल्प सुचवला गेला, तोही वाद काही वर्षं चालला, आणि २००७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पार्कभोवती १४८ चौरस किलोमीटरच्या बफर झोनला, म्हणजे बाहेरच्या संरक्षक पट्ट्याला, मंजुरी दिली. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात हीही आहे, आपल्या कास, कोयना, चांदोली, राधानगरीबरोबर.

हे सगळं टॉवरवर उभं राहून आठवायचं कारण एवढंच की खाली दिसणारी ती हिरवी पट्टी, नदीच्या दोन्ही काठांची, तीच नेमकी बुडणार होती. त्या वेळी समर्थक म्हणायचे की एकूण जंगलाच्या मानाने हा भाग थोडाच आहे. पण नदीकाठचा तो तळ म्हणजे खोऱ्याचं काळीज, आणि धरण म्हटलं की रस्ते, मजूर वसाहती, लाकूडतोड हे मागोमाग आलंच असतं.

नदीकडे

सैरंध्रीहून साधारण दीड किलोमीटर खाली कुंतीपुळेकडे पायवाट उतरते. त्या दिवशी तिकडे सोडतायत का हे गाईडला मुक्कालीतच विचारा, पाणी जास्त असलं किंवा हत्ती जवळ असले तर सोडत नाहीत. सोडलं तर नक्की जा, पाणी इतकं नितळ की तळाचा दगडन् दगड मोजावा. पाण्यात उतरू नका, साबण-शाम्पूचा तर प्रश्नच नाही. परतीचा चढ दम काढतो, गुडघेदुखी असलेल्यांनी आणि लहान मुलं कडेवर असलेल्यांनी टॉवरपाशीच थांबावं. गाईडला सोडून दहा पावलंही पुढे जायचं नाही, वाट सोपी दिसते पण दोन वळणांनंतर सगळीकडे सारखीच झाडं.

फळ, बी, पीस, फूल काही उचलायचं नाही. माकडांना खायला टाकायचं नाही, एकदा त्यांना बिस्किटाची सवय लागली की ती रस्त्यावर उतरतात आणि गाडीखाली येतात. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचा प्रकारही नको.

परत आल्यावर

मुक्कालीला जीपमधून उतरलं की सगळ्यात आधी बूट-मोजे काढून झटका, बोटांच्या बेचक्या, गुडघ्यामागे आणि कमरेच्या पट्ट्याखाली बघा, लहान मुलांचे कानामागेही. मग जेवा. गाईडचं काम आवडलं असेल तर ऑफिसच्या वहीत त्याच्या नावाने दोन ओळी लिहा, तिथे त्याला किंमत आहे. मन्नारकाडकडची बस पकडायची असेल तर टपरीवाल्याला वेळ विचारून ठेवा, संध्याकाळनंतर बस कमी होतात. आणि मुक्काम असेल तर पहाटे लवकर उठून भवानी नदीच्या बाजूने एक चक्कर मारा, कुंतीपुळा पश्चिमेकडे भारतपुळेला मिळते आणि भवानी पूर्वेकडे कावेरीला. सकाळी साडेसहा-सातला नदीकाठच्या उंच झाडांवर शेकरू असतंच, चहा हातात घेऊनच जा.